खिडकीकडची बाजू

वरच्या मजल्याच्या दाराला दोन कुलपं होती. एक आबांचं, एक नानांचं. भाडेकरू सोडून गेला त्या दिवशी सकाळी आबांनी आपलं लावलं आणि दुपारी नानांनी आपलं. तेव्हापासून आत जायचं तर दोघांनी बरोबर जिना चढायला हवा होता, आणि बरोबर जिना चढण्याइतकं बोलणं दोघा भावांत उरलं नव्हतं. आबांना तिथे जुन्या लिफ्टच्या मोटारी ठेवायच्या होत्या. जन्मभर शहरातल्या लिफ्ट दुरुस्त केल्या, आता निवृत्तीनंतर एखादी तरी फक्त आपल्या मर्जीने खालीवर व्हावी अशी त्यांची हौस होती. नानांना त्या मजल्याचं काय करायचं होतं ते नानांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना चष्म्याचं दुकान पुरेसं होतं. पण थोरल्या भावाला नाही म्हणायला काहीतरी निमित्त हवं, ते त्यांना त्या कुलपाने दिलं होतं.

त्या मजल्याचा पत्ता छोटीने एके दिवशी सकाळी कचेरीतून देऊन टाकला.

छोटी म्हणजे नानांची मुलगी. चाळिशीला टेकली, कानशिलं पांढरी झाली, तरी घरात छोटीच. घरदार टाकून पळावं लागलेल्या माणसांना नवं घर मिळवून देण्याचं काम तिच्या कचेरीत चाले. सांगायला सोपं, करायला महाकठीण. एक देश विमानाचं भाडं द्यायचा, दुसरा पहिल्या वर्षाचं घरभाडं, आणि तिसरा, म्हणजे हा, राहायची परवानगी. तिघांनी हो म्हटलं की एक कुटुंब हलायचं. तिघांतल्या एकाने घसा खाकरला की उरलेले दोघे लगेच हात मागे घ्यायचे. तिघांना एकाच वेळी हो म्हणायला लावणं, हे छोटीचं काम.

"कठीण कसलं?" ती म्हणे. "आपल्या घरासारखंच आहे. फक्त झेंडे जास्त."

या वेळी तिघांनी हो म्हटलं होतं. पावाची भट्टी चालवणारा एक भट्टीवाला, त्याची बायको, दोन मुली आणि म्हातारी आई, असं कुटुंब कुठल्याशा परक्या शहरातल्या वसतिगृहात सामान बांधून बसलं होतं. आणि सकाळी ठरलेल्या घरमालकाने फोन करून सांगितलं की त्याचा विचार बदलला. संध्याकाळपर्यंत दुसरा पत्ता दिला नाही, तर परवानगी रद्द, कागद पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यापासून म्हणजे काय ते छोटी चांगलं जाणत होती. मागच्या एका कुटुंबातलं तान्हं बाळ, कागद फिरून येईपर्यंत शाळेत जायला लागलं होतं.

म्हणून तिने वरिष्ठांना आणि पैसे देणाऱ्या दोन्ही देशांच्या माणसांना सांगितलं, "आहे की घर. दुपारी बघायला या."

"तू सांगितलंस?" ती घरी आली तेव्हा आबा म्हणाले. "माझ्या मजल्याचा पत्ता?"

"आमच्या मजल्याचा," नाना म्हणाले. कित्येक महिन्यांत भावाशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

"बघा, बोललात," आत्या म्हणाली. "पाहुणे यायच्या आतच फायदा झाला."

आत्या दोघांची थोरली बहीण, त्यांची अक्का. लग्न केलं नाही. शिवणकाम करून दोघा भावांना वाढवलं, आणि अजून वाढवतेच आहे असं काकूचं म्हणणं. काकू म्हणजे आबांची बायको. नानांची बायको गेल्यापासून दोन्ही घरचा चहा तीच करायची आणि त्यामुळे दोन्ही घरच्या भांडणांत बोलायचा हक्क तिला होता.

"वन्सं, पाहुण्यांसमोर हे दोघे शोभा करतील," काकू म्हणाली.

"करू देत. परदेशी माणसांना करमणूक."

पाहुणे दोन आले. एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ, विमानाचं भाडं देणाऱ्या देशाचे. दुसऱ्या ठेंगण्या, चटपटीत बाई, घरभाडं देणाऱ्या देशाच्या. इथे नोकरीला येऊन दोघांना बरीच वर्षं झाली होती आणि दोघांनाही इथली भाषा येत होती. बाई दुकानदाराकडून शिकल्यासारखं बोलत आणि गृहस्थ पुस्तकातून. काकूने त्यांची नावं लक्षात ठेवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि ते घरात विमानवाले आणि भाडेवाल्या बाई झाले.

आत्या सोडून सगळे एकदम जिना चढले. दारापाशी आबा थांबले, नानाही थांबले. आधी कोण उघडणार, याची दोघेही वाट बघत होते. आबांनी किल्ली काढून खिशात परत टाकली. नानांनी आपला चष्मा पुसला.

"सुरक्षेची व्यवस्था उत्तम आहे," विमानवाले म्हणाले.

छोटीने दोघांकडून किल्ल्या मागून घेतल्या आणि आबांची किल्ली नानांच्या हातात दिली, नानांची आबांच्या. दोघांनी निमूटपणे एकमेकांची कुलपं काढली. आपलं कुलूप आपण काढलं असं पुढे कुणालाच म्हणता येणार नव्हतं, आणि दोघांना तेवढीच फट हवी होती.

खोल्या चांगल्या होत्या. तीन खोल्या, मोरी, ओटा, गल्लीवर उघडणारी गॅलरी. धूळ मात्र अशी की बाईंच्या बुटांचे ठसे उठले. बाईंनी नळ सोडून पाहिला, विमानवाल्यांनी कड्या तपासल्या, आणि दोघांचं पसंत पडून झाल्यावर गाडी अडली ती दारावर. बाईंच्या देशाचा नियम असा की ज्या घराचं भाडं ते देतील, त्याच्या दारावर त्यांच्या देशाच्या नावाची पट्टी लागायला हवी. विमानवाल्यांच्या देशाचाही असाच काहीतरी नियम होता.

"आमची डोळ्यांच्या उंचीवर," बाई म्हणाल्या.

"तर आमची तिच्या वर असावी असे सुचवतो."

"वर? माणसं काय मान वर करून घरात शिरतात?"

"माणसे विमानाने येतात, बाई. वरूनच येतात."

आबा नानांकडे बघून म्हणाले, "कुलूपच लावा म्हणावं यांना एकेक." आणि नाना हसले. छोटीने ते पाहिलं आणि जीव मुठीत धरून सगळ्यांना खाली नेलं, कारण पट्टीवरून दोन देशांचं वाजलं की आठवडे जातात हे तिने पाहिलेलं होतं.

खाली आत्या टेबलाशी तयार होती. चहा आला, बिस्किटं आली. आत्याने पाहुण्यांना बसवलं आणि म्हणाली, "आता सामानाचं बघू. आमच्या घरात देण्याची एक रीत आहे, ती तुम्हांला सांगून ठेवते, नाहीतर घाबराल."

ही रीत घरातल्या सगळ्यांना पाठ होती, पण आत्या ती नव्याने सांगायची आणि दर वेळी नव्याने ऐकावीशी वाटायची. आत्या लहान मुलगी होती आणि दोघे भाऊ अगदीच चिमुरडे, तेव्हा त्यांची आई त्यांना घेऊन सीमा ओलांडून याच गल्लीत उतरली होती. अंगावरच्या कपड्यांनिशी. आई मानी. कुणी काही द्यायला आलं की दार लावून घ्यायची. मग गल्लीतल्या बायकांनी एक युक्ती केली. शेजारची रजई घेऊन आली आणि म्हणाली, ही समोरचीने पाठवलीय. समोरची भांडी घेऊन आली, म्हणाली, कोपऱ्यावरच्यांनी दिलीत. कोपऱ्यावरची स्टोव्ह घेऊन आली तो शेजारचीच्या नावाने. आई आभार मानायला जिच्याकडे जाई ती म्हणे, छे, मी नाही बाई. शेवटी आईने नाद सोडला. कुणापुढे मान खाली घालायची तेच कळेना, तेव्हा मान ताठच राहिली.

"तेव्हापासून आमच्यात आपलं असं कुणी देत नाही," आत्या म्हणाली. "जो तो दुसऱ्याच्या नावाने देतो."

"आणि आता नुसतं नाव नाही, वस्तूही दुसऱ्याची देतात," काकू म्हणाली. "माझं शिलाईचं टेबल असंच गेलं."

"कुणी दिलं?"

"तुम्ही दिलंत, वन्सं."

"चांगलं केलं. तू कुठे शिवायचीस त्याच्यावर?"

आणि सुरुवात झाली. आबा म्हणाले, नानाकडे दोन पलंग आहेत आणि तो एकावरच झोपतो. नाना म्हणाले, वहिनींचं मोठं कपाट रिकामं आहे. काकू म्हणाली, रिकामं नाही, त्यात ह्यांच्या मोटारींचे सुटे भाग भरलेत, ते काढा म्हणजे होईल रिकामं. आणि भाऊजी, तुमच्या दुकानातलं गोल टेबल मुलींना अभ्यासाला छान. नाना म्हणाले, त्यावर गिऱ्हाइकं आरसा ठेवून चष्मे बघतात. काकू म्हणाली, उभ्याने बघतील. ज्याची वस्तू गेली तो नाही म्हणायचा नाही, फक्त पुढच्याची वस्तू जरा जास्त मोठी काढायचा. चहा निवायच्या आत घर जवळजवळ भरलं.

भाडेवाल्या बाई तोंडाशी नेलेलं बिस्किट तसंच धरून ऐकत होत्या. "आमच्या परिषदेत," त्या म्हणाल्या, "एवढ्याला जेवणाच्या सुट्ट्या धरून आठवडा लागला असता. आणि शेवटी सगळे म्हणाले असते, बघू."

"कारण तिथे जो तो आपलंच देतो," आत्या म्हणाली. "आपलं देताना हात आखडतो. दुसऱ्याचं द्या, बघा कसं भराभर सुचतं."

बाईंनी एकदा विमानवाल्यांकडे पाहिलं. "यांच्या कचेरीत," त्या हळूच म्हणाल्या, "एक नवा हीटर खोक्यातच पडून आहे."

विमानवाल्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला. "यांच्या तळघरात," ते म्हणाले, "गाद्यांची थप्पी आहे. मी स्वतः पाहिलेली आहे."

"शाबास," आत्या म्हणाली.

आता उरलं होतं तिकडच्या लोकांना विचारणं. त्यांनी हो म्हटल्याशिवाय पत्ता नक्की होत नसे. छोटीने फोन लावून टेबलाच्या मधोमध ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. दुभाषीबाई तिकडे त्या कुटुंबाच्या शेजारी बसल्या होत्या. छोटी त्यांना बरीच वर्षं ओळखत होती. फार नेक बाई, पण एक खोड अशी की कानावर पडलेला शब्द गाळणं त्यांना पाप वाटे.

छोटीने घर समजावलं. तीन खोल्या, गॅलरी, मुलींना टेबल. तिकडून भट्टीवाल्याच्या बायकोचा आवाज आला, मग दुभाषीबाईंचा. "त्या म्हणतात, फार चांगलं आहे. त्या विचारतात, कितवा मजला?"

"वरचा. एकच जिना."

तिकडे थोडी कुजबूज. "त्या म्हणतात, सासूबाईंना जिना चढवत नाही. पळताना गुडघा गेला. खाली एखादी खोली आहे का?"

आबांची आणि नानांची, दोघांचीही घरं मागच्या बाजूला, पायऱ्या चढून. गल्लीच्या पातळीला एकच खोली होती, आत्याची. आणि या घरात सगळ्यांचं सगळं देऊन झालं होतं, पण आत्याची काडीही आजवर कुणी दिली नव्हती. तसा नियम नव्हता. धाडस नव्हतं.

"तिकडे कुणी बोलत नाही," असं दुभाषीबाई त्या कुटुंबाला त्यांच्या भाषेत सांगत होत्या, हे शब्द न कळताही छोटीला कळलं.

आत्याने बिस्किटाचा चुरा टेबलावरून निपटला. "जमिनीलगतची खोली हवी म्हणते," ती हवेत बोलली. "पायरी नसलेली. असेल का बाई कुणाकडे?"

आबा छताकडे बघू लागले. नानांनी पुन्हा चष्मा पुसला.

"बऱ्यापैकी मोठी," आत्या म्हणाली.

काकूने चहाचे कप गोळा करायला घेतले.

आत्याला स्वतःला आपली खोली देता येत नव्हती. आपलं आपण द्यायचं नाही, हे तिनेच सगळ्यांना शिकवलेलं. छोटीने आत्याकडे पाहिलं. आत्याने तिच्याकडे पाहिलं नाही. कचेरीत छोटी रोज परक्यांच्या खोल्या मागायची आणि तिचा आवाज कधी चाचरला नव्हता.

"आत्याची खोली आहे," ती म्हणाली. ते कसंबसं बाहेर पडलं.

"छोटे," काकू म्हणाली.

"किती वेळ लावलात," आत्या म्हणाली. "चहा गार झाला माझा."

मग एकच गलका उडाला. अक्का आमच्याकडे राहील, आबा म्हणाले. तुमच्याकडे कुठे, मोटारींच्या उशाला? नाना म्हणाले, अक्का माझ्याकडे येईल. तुझ्याकडचा पलंग मी आत्ताच देऊन टाकलाय, आबा म्हणाले. काकू म्हणाली, वन्सं माझ्या खोलीत येतील आणि तुम्ही दोघे भाऊ एकत्र निजा, म्हणजे कळेल. आणि फोनमधून दुभाषीबाईंचा आवाज सारखा चालू होता, धापा टाकत, एकही शब्द न सोडता.

"मी कुठेही जाणार नाही," आत्या म्हणाली. "खोलीत दोन खाटा मावतात."

तेवढ्यात फोनवर तिसराच आवाज आला. म्हातारा, खरखरीत, सावकाश. तो थांबल्यावर दुभाषीबाई क्षणभर घुटमळल्या.

"आजी बोलल्या. त्या म्हणतात, नको. मुलगा, सून, नाती जाऊ देत. आयुष्यभर लोक माझ्या दाराशी पावासाठी उभे राहिले, मी कुणाच्या दाराशी उभी राहिले नाही. कुणा बाईची खोली अडवायला मी येणार नाही." मग, "सून म्हणते, सासूबाई नाही तर आम्ही कुणीच नाही."

विमानवाले हळू आवाजात म्हणाले की तिकिटे संपूर्ण कुटुंबाची मंजूर झालेली आहेत, एक माणूस वगळल्यास प्रकरण पुन्हा उघडावे लागेल. भाडेवाल्या बाईंनी मान हलवली. घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही, पण संध्याकाळ होत आली होती आणि कचेरीत पत्त्याची वाट बघत माणसं बसली होती.

छोटीने फोन जवळ ओढला. अशा वेळी बोलायची वाक्यं तिच्याकडे तयार असायची. "आजी, तुमचं आमच्या घरी मनापासून स्वागत..."

आत्याने तिच्या मनगटावर हात ठेवला. "गोड बोलू नकोस. गोड बोललीस की ती फोन ठेवील. माझी आई अशीच दार लावायची." आणि फोन स्वतःपुढे घेतला. "दुभाषीबाई, शब्द न गाळता सांगा."

"मी गाळत नाही," दुभाषीबाई जरा दुखावून म्हणाल्या.

"सांगा तिला, आली तर खाट भिंतीकडे मिळेल. खिडकीकडची बाजू माझी आहे."

छोटीचे डोळे विस्फारले. मग खरखरीत आवाज, थोडका.

"त्या विचारतात, भिंतीला ओल आहे का?"

"ओल? माझ्या भिंतीला?"

"त्या म्हणतात, घरमालकिणी ओलीचं कधी सांगत नाहीत."

"मी मालकीण नाही, खोलीत राहणारी आहे. आणि ओल नाही. पलीकडे चूल आहे हिची." काकूने नकळत मान डोलावली.

"त्या म्हणतात, त्यांना अंधारात जाग येते. भट्टीची सवय. बसायला खिडकी लागते. तुम्ही किती वाजता उठता?"

"उजाडल्यावर."

"मग उजाडेपर्यंत खिडकी तुमच्या काय कामाची, असं विचारतात."

आबांनी तोंडावर हात धरला. आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी तो काढला. "सांगा, खिडकी मला दिवसा लागते. शिवायला."

"त्या म्हणतात, दिवसा त्या तिथे नसतील, नातींच्या मागे असतील. दिवसा तुम्ही बसा. पण खिडकीकडे खाट त्यांची राहील." थोडं थांबून, "आणि त्या विचारतात, तुम्ही घोरता का?"

"नाही," आत्या म्हणाली.

खोलीतले सगळे हसले. दोन परदेशी पाहुणेसुद्धा, का ते नीटसं न कळता. दुभाषीबाई म्हणाल्या, "सगळे हसले, हेही मी सांगितलं."

"सांगा. आणि म्हणावं, खिडकी घे, पण पडदा माझ्या हातात राहील. मी म्हणेन तेव्हा उघडायचा, मी म्हणेन तेव्हा लावायचा."

या वेळी तिकडून उत्तर यायला वेळ लागला. "त्या विचारतात, पडदा जाड आहे की पातळ?"

"ते येऊन बघ म्हणावं."

"त्या म्हणतात, बघते."

आत्याने फोन छोटीकडे सरकवला आणि खुर्चीला पाठ टेकली. चेहरा हरलेल्या माणसासारखा होता, पण छोटी तिला ओळखत होती. इतकी खूश ती कित्येक वर्षांत दिसली नव्हती. "बाई भारी आहे," आत्या म्हणाली. "खिडकी घेतली तिने."

"म्हणजे येणार?" नानांनी विचारलं.

"न येणारं माणूस खिडकीसाठी भांडतं का?"

विमानवाले अडखळत म्हणाले, "तथापि, होकाराचा शब्द आलेला नाही. मला नोंदवावे लागते." तेव्हा छोटीने दुभाषीबाईंना विचारलं की आजी आता काय म्हणतात.

"आता माझ्याशी नाही बोलत. सुनेला ओरडतात. म्हणतात, बांधलेलं सगळं सोड, पाव भाजायचे पत्रे वरती ठेवलेस तर कपड्यांवर गंज लागेल, पुन्हा बांध." दुभाषीबाई थांबल्या. "हे खासगी होतं. सांगायला नको होतं बहुतेक."

विमानवाल्यांना तेवढं पुरलं. भाडेवाल्या बाई म्हणाल्या की दारावरच्या पट्टीचं नंतर बघता येईल. किंवा न बघताही चालेल. छोटीने कचेरीत फोन करून पत्ता नक्की केला, आणि ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण उभ्याच आहोत.

आत्या केव्हाच आपल्या खोलीत गेली होती. तिची खाट खिडकीपासून काढून भिंतीला लावायची होती आणि ती उद्यावर टाकायला तयार नव्हती. खाट जुनी, सागवानी, भावंडांतल्या कुणालाच कधी एकट्याने हलवता आलेली नाही. डोक्याकडचा एक पाय आबांनी धरला, दुसरा नानांनी. पायथ्याचे दोन पाय तसेच राहिले. काकू पुढे होणार तेवढ्यात भाडेवाल्या बाईंनी बाह्या वर केल्या आणि विमानवाल्यांनी कोट काढून दाराच्या खुंटीला अडकवला.

आबांनी आपल्याकडे ओढली. नानांनी आपल्याकडे. बाई म्हणाल्या, आधी फिरवा. विमानवाले म्हणाले, कृपया थांबावे, मी अद्याप उचललेली नाही. खाट होती तिथेच करकरली.

"अरे, एकमेकांकडे काय बघत बसलाय," आत्या दारातून म्हणाली. "सगळ्यांनी एकदम उचला."